उन्हाळ्याच्या सुट्टीतले घरचे वाचन

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असताना मुलांना दुपारी घराबाहेर सोडण्याचा प्रश्नच नसतो. तिसरी पास झालेल्या माझ्या मुलाच्या या मोकळ्या दुपारी मोबाइलच्या ताब्यात जाऊ द्यायच्या नाहीत, असे मी गेल्या उन्हाळ्यात ठरवले.

त्याला गोष्टींची आवड होतीच; पण इंग्रजी माध्यमात शिकत असल्याने मराठी जोडाक्षर आले की तो अडखळे. ‘आश्चर्य’ हा शब्द तो बोट ठेवून ‘आश’, ‘चर’, ‘य’ असा फोडून वाची आणि ओळ संपेपर्यंत तिची सुरुवात विसरून जाई. त्यामुळे रोज अमुक पाने वाचण्याचा नियम न लावता मीच मोठ्याने वाचायला घेतले (कूलरच्या घरघरीवर आवाज चढवावा लागे, तो भाग वेगळा). त्याला स्वतःला वाचता येईल त्यापेक्षा थोडी वरची गोष्ट मी निवडत असे आणि ती ऐन रंगात आली की भाजी निवडायचे निमित्त काढून, पुस्तक पालथे ठेवून उठत असे. सुरुवातीला तो माझी वाट पाहत बसे. पुढे कुरकुरत एखादा परिच्छेद स्वतः वाचू लागला. अडलेला शब्द विचारायला स्वयंपाकघरात आला की मी तो लगेच सांगून टाकी, कारण तिथे उलटतपासणी सुरू केली असती तर पुस्तक मिटले गेले असते.

पुस्तकांसाठी जवळच्या वाचनालयाच्या बालविभागात त्याच्याच नावाने सभासदत्व घेतले. निवड त्याची असल्याने भुते आणि क्रिकेट यांपलीकडे फारसे काही घरी आले नाही. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य आहेत. त्यांतली कोडी त्याला गोष्टींहून अधिक भावली.

सर्वाधिक उपयोग मात्र धाकट्या बहिणीचा झाला. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट स्वतःसाठी वाचणे त्याला कमीपणाचे वाटे, पण तिला वाचून दाखवताना तीच गोष्ट तो पुन्हा पुन्हा, सोंगे काढून वाची आणि तेवढ्यात जोडाक्षरांचा सराव होऊन जाई. शाळा उघडल्यावर दुपारचे वाचन थांबले. वाचनालयात आम्ही आता रविवारी सकाळी जातो.