चढावर दमाच्या आधी तोल संपतो

मान आणि मनगटं दुखायला लागली आणि साध्या सायकलवर तासाभराच्या वर बसणं अवघड झालं, तेव्हा मी रिकम्बंटकडे, म्हणजे मागे रेलून चालवायच्या सायकलकडे, वळले. पाठ टेकलेली, पाय पुढे पसरलेले, पॅडल जवळजवळ सीटच्या उंचीवर. माझी सायकल आखूड व्हीलबेसची आहे, म्हणजे दोन चाकांमधलं अंतर कमी. मागचं चाक २६ इंची, पुढचं २० इंची आणि क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, पुढच्या चाकाच्याही पुढे. सपाट रस्त्यावर ती लवकर हाताखाली आली. पण माझे नेहमीचे रस्ते डोंगरातले, वळणावळणाचे, ट्रक आणि बसगाड्यांचे. तिथे जवळजवळ सगळंच नव्याने शिकावं लागलं.

रिकम्बंट चढाला कामाची नाही, असं सर्रास म्हटलं जातं. त्याची कारणंही ठरलेली असतात: उभं राहून पॅडल मारता येत नाही आणि सायकल जड असते. दोन्ही खरी आहेत. मला मात्र तिसरीच गोष्ट नडली. वेग उतरला की कोणतीही सायकल सरळ ठेवायला सतत बारीक बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. साध्या सायकलवर त्या कामात कंबर, खांदे, अख्खं धड हातभार लावतं आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. इथे धड सीटला टेकलेलं असतं, त्यामुळे सगळा भार हँडलवर येतो. वेग ताशी सात-आठ किलोमीटरच्या खाली आला की छातीत दम शिल्लक असतानाही सायकल डुलायला लागते. मागून गाड्या येत असताना डुलणं परवडत नाही, म्हणून पाय टेकावा लागतो. माझे सुरुवातीचे बहुतेक चढ असेच अर्धवट राहिले.

हे डुलणं येतं कुठून, हे कळायला वेळ लागला. जोर लावताना आपण नकळत हँडल धरून ओढतो. साध्या सायकलवर त्या ओढण्याचा पायांना उपयोग होतो. रिकम्बंटवर हँडल ओढलं की ते फक्त वळतं. डावा पाय दाबला की सायकल एकीकडे, उजवा दाबला की दुसरीकडे, आणि घाबरून मूठ आणखी घट्ट केली की आणखी वाकडी. मग मी हँडल अंगठा आणि दोन बोटांतच धरायला लागले. बाकीची बोटं मोकळी, कोपर सैल, खांदे सीटवर पूर्ण टेकलेले, डोकंही मागे. नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे. चढावर जबडा आवळला गेला की दोनच मिनिटांत खांदे आणि मागोमाग मूठ आवळली जाते, म्हणून मी अजूनही मुद्दाम तोंड किंचित उघडं ठेवून चढते.

पण हात कितीही सैल सोडले तरी गिअर जड असेल तर काही उपयोग नाही. हा हिशोब मांडण्यासारखा आहे. सायकल, सामान आणि मी मिळून १०० किलो धरू, आणि चढ ६ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ६ मीटर वर. ताशी ६ किलोमीटरने चढायला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण १०० वॅट लागतात. ही काही अचाट ताकद नव्हे. माझ्या सायकलवर आधी सगळ्यात हलका गिअर होता पुढच्या चक्रीला ३० दाते, मागच्या चक्रीला ३२. क्रँकच्या एका फेऱ्यात सायकल १.९ मीटरच्या आसपास पुढे जायची, म्हणजे या वेगाला मिनिटाला जेमतेम ५० फेरे. प्रत्येक फेऱ्यात दोन जड धक्के, आणि प्रत्येक धक्क्याला सायकल हलणार. मी पुढे २२ आणि मागे ३४ दाते बसवून घेतले. आता एका फेऱ्यात १.३ मीटरच्या थोडं वर, आणि त्याच वेगाला ७५ फेरे. रस्ता, वेग, ताकद सगळं तेच, पण प्रत्येक धक्का जवळपास एक तृतीयांशाने हलका. सायकल सरळ जायला लागली ती या बदलानंतर. डोंगरात रिकम्बंट न्यायची असेल तर बाकी कशाहीआधी गिअर बदलून घ्यावेत, असं मी अगदी ठामपणे सांगेन.

हलक्या गिअरचं दुसरं कारण गुडघे. साध्या सायकलवर पॅडलवर किती जोर पडणार याला आपल्या वजनाची थोडीफार मर्यादा असते. इथे पाठीला सीटचा भक्कम आधार असतो, त्यामुळे वजनाहून जास्त जोर सहज लावता येतो आणि तो गुडघ्यांना सोसावा लागतो. जड गिअरमध्ये पाठ सीटवर रोवून रेटायचा मोह होतो, तो टाळायचा. मी क्रँकही १७० मिलिमीटरवरून १५५ वर आणले. गुडघा कमी वाकतो आणि पाय भराभर फिरतात. मांड्यांच्या मागच्या आणि बुडाच्या स्नायूंना या बसण्याची सवय व्हायला काही आठवडे जातातच, तोवर मोठे चढ अंगावर घेऊ नयेत.

चढावर थांबून पुन्हा निघणं हा वेगळाच धडा. थांबायच्या आधीच सगळ्यात हलका गिअर टाकायचा, नंतर टाकता येत नाही. ब्रेक आवळलेला, एक पाय जमिनीवर. दुसरा पाय क्लीटने, म्हणजे बुटाच्या तळव्यावरच्या खाचेने, पॅडलला अडकवलेला आणि ते पॅडल वर, माझ्या बाजूला आणलेलं. पाठ सीटवर नीट टेकवायची, पॅडलवर जोर आल्याशिवाय ब्रेक सोडायचा नाही. मग एकच भरपूर, न तुटणारा दाब. जमिनीवरचा पाय तेवढ्यात वर यायला हवा, पण त्या क्षणी क्लीट शोधत बसायचं नाही. तळवा पॅडलवर कसाही टेकवून दोन-तीन फेरे मारायचे, सायकल सरळ झाली की क्लीट आपोआप बसते. पहिला दाब कमी पडला तर ओढाताण न करता पुन्हा पाय टेकायचा. रस्ता दोन्हीकडून मोकळा असेल तर मी सायकल थोडी तिरकी ठेवून निघते, तेवढाच चढ कमी होतो.

रहदारीचं म्हणाल तर भीती वाटली होती तेवढा त्रास झाला नाही. वेगळं वाहन दिसतं म्हणून बरेच चालक साध्या सायकलपेक्षा जास्त अंतर ठेवून जातात, असा माझा अनुभव. पण दिसायला तर हवं. मागे उंच काठीवर झेंडी, आणि दिवसाही चालू दिवा. मागे वळून बघणं या बसण्यात जमत नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना आरसे हवेतच. आणि रस्त्याच्या अगदी कडेला चिकटून चढू नये. कडेपासून मीटरभर आत राहिलं तर डुलायला दोन्ही बाजूंना जागा उरते. मागे गाड्यांची रांग लागली तर चढ जरा मंदावेल तिथे बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यावं, म्हणजे पुन्हा निघणंही सोपं जातं.

हेअरपिन वळणाची आतली बाजू सगळ्यात खडी असते आणि तिथेच आखूड व्हीलबेसची खोड बाहेर पडते: हँडल जास्त वळवलं की पुढचं चाक टाचेला लागतं. उतारावर पाय थांबवता येतात, चढावर थांबवले तर सायकलच थांबते. म्हणून मी वळण जमेल तितकं रुंद घेते. अगदीच गळ्याशी आलं तर बाहेरच्या पायाने अर्धा फेरा पुढे, मग अर्धा मागे, पुन्हा अर्धा पुढे, असं करत टाच चाकापासून लांब ठेवते. हे आधी मोकळ्या मैदानात घोटावं.

उतारावर खेळ उलटा होतो. १९३३ साली फ्रान्सिस फॉर या फ्रेंच सायकलपटूने शार्ल मोशे यांच्या वेलोकार या रिकम्बंटवर तासाभरात ४५.०५५ किलोमीटर कापले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मागे टाकला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने अशा सायकली विक्रमांतून वगळल्या. या वेगामागे होतं ते हवेला कमी आडवं जाणारं शरीर. तोच गुण उतारावर धाक घालतो. साध्या सायकलवर ताठ बसलं की छातीवर हवा अडते आणि थोडा ब्रेक फुकट मिळतो. इथे तो मिळत नाही, सगळी गरमी ब्रेकला खावी लागते. चाकाच्या कडीला, म्हणजे रिमला, घासणारे रिम ब्रेक लांब उतारावर सतत दाबून ठेवले तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. मी डिस्क ब्रेक लावले, तरीही वळणाआधी जोरात दाबून वेग उतरवते आणि वळणात शिरताना सोडते. हँडलवरून पुढे उलटण्याची भीती या सायकलवर फारच कमी, पण ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर पुढचं चाक घसरलं तर सावरायला धड मोकळं नसतं. खड्डा आला तर बूड उचलता येत नाही, पूर्ण दणका पाठीत बसतो. ४० मिलिमीटर रुंदीचे टायर आणि त्यात जरा कमी हवा ठेवल्यावर हे पुष्कळ सुसह्य झालं. पाय पॅडलवरून उडू नयेत म्हणून क्लीट सोडून उतरायचं नाही, हा नियम मी मोडत नाही.

इतकं करूनही १२ टक्क्यांच्या वरच्या लांब चढांवर मी उतरून सायकल ढकलत नेते. सीटची पाठ एका हाताने धरली की ती बऱ्यापैकी सरळ चालते. ज्यांच्या रोजच्या रस्त्यावर असे चढ जास्त आहेत, त्यांनी सरळ तीनचाकी रिकम्बंट बघावी. ती आणखी जड आणि रुंद असते, रस्त्यात जागाही जास्त अडवते, पण ताशी तीन किलोमीटरनेही सरळ चढते, आणि दम लागला तर पार्किंग ब्रेक लावून बसल्या जागी पाणी पिता येतं.