मीटर हलत होता, आवाज नव्हता

आत्या निवृत्त शिक्षिका. ती पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसून सलग ६२ मिनिटं स्वतःबद्दल बोलली, आणि त्याची नीट फिल्म करायचं काम मी मागून घेतलं. चित्र मोबाइलवर घेतलं होतं, आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर आणि पदराला लावलेला छोटा माइक. एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फाइल्स आणल्या, टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप क्रमानं मांडायच्या पट्टीवर, ठेवल्या आणि चालू करायला स्पेसबार दाबला. आत्याचे ओठ हलत होते, खाली वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या चढउतारांची नक्षी, सरकत होता, आणि ऐकू काहीच येत नव्हतं.

तिथपासून काम हातावेगळं होईपर्यंत आवाजाच्या एकामागून एक अडचणी आल्या. दर वेळी वाटायचं, आधीचीच परत आली. तसं नव्हतं, प्रत्येकीचं कारण वेगळं निघालं. मी मात्र त्यांना एकच समजून आधी नीट केलेली सेटिंग्ज पुन्हा बदलत राहिले आणि त्यात दोन दिवस गेले. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

पहिला गैरसमज वेव्हफॉर्मबद्दलचा. वेव्हफॉर्म दिसतोय म्हणजे आवाज चालू आहे, असं मी धरून चालले होते. पण ते फाइल आत घेताना एकदा काढून ठेवलेलं चित्र असतं. बघायचा तो मीटर, म्हणजे आवाजाची पातळी दाखवणाऱ्या पट्ट्या. प्ले केल्यावर मीटरच्या पट्ट्या वरखाली होत असतील, तर सॉफ्टवेअरनं आवाज तयार केलाय आणि तो पुढे कुठेतरी हरवतोय. मीटर गप्प असेल तर दोष आतच आहे: ट्रॅक म्यूट असेल, दुसराच ट्रॅक सोलोवर, म्हणजे एकटाच वाजेल असा, ठेवलेला असेल, क्लिपचा आवाज शून्यावर असेल, नाहीतर सॉफ्टवेअरला तो आवाज उलगडताच येत नसेल. हा एक प्रश्न आधी विचारला असता तर निम्मा शोध वाचला असता.

माझा मीटर हलत होता. त्याच सकाळी मी एचडीएमआय केबलनं मोठा मॉनिटर जोडला होता. कॉम्प्युटरनं तोच आवाजाचं मुख्य आउटपुट ठरवला, आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नव्हते. सिस्टिमच्या सेटिंगमध्ये आउटपुट बदललं. साध्या प्लेअरमध्ये आवाज आला, एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये तरीही नाही. कारण सॉफ्टवेअरचं स्वतःचं ऑडिओ हार्डवेअरचं सेटिंग वेगळं असतं आणि ते अजून मॉनिटरलाच धरून बसलं होतं. तिथेही बदललं आणि आत्या बोलू लागली.

पण फक्त मोबाइलच्या क्लिपमध्ये. रेकॉर्डरच्या क्लिपवर मीटर निश्चल. म्हणजे आता दोष आत. सॉफ्टवेअर बंद करून मीडिया कॅशे पुसला, पुन्हा उघडलं, त्यानं आवाजाच्या फाइल्स नव्यानं तयार केल्या आणि क्लिप वाजली. कॅशे पुसायला मी घाबरत होते. घाबरायचं कारण नाही, त्यात सॉफ्टवेअरनं स्वतःच्या सोयीसाठी बनवलेल्या फाइल्स असतात आणि मूळ रेकॉर्डिंगला हात लागत नाही. सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करा, हा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते ती शेवटची पायरी असावी. त्यात तासभर जातो आणि बिघाड कुठे होता ते कळत नाही ते नाहीच.

मग रात्री घरात आवाज नको म्हणून ब्लूटूथ हेडफोन लावले. आत्याचा आवाज जुन्या टेलिफोनवरून यावा तसा आला, दबलेला आणि घुसमटलेला. मला वाटलं रेकॉर्डिंगच बिघडलंय. पोटात खड्डा पडला, कारण ती पुन्हा तसं बोलेल याची खात्री नव्हती. तेच गाणं-बिणं ऐकताना हेडफोन मात्र उत्तम.

कारण असं. हे हेडफोन दोन पद्धतींनी चालतात. नुसतं ऐकायचं असेल तेव्हा आवाज एकाच दिशेनं येतो, स्टीरिओ आणि चांगल्या दर्जाचा. पण एखाद्या प्रोग्रॅमनं हेडफोनचा माइक मागितला की ते फोन कॉलच्या पद्धतीवर जातात. तिथे आवाज मोनो, आणि बहुतेक हेडफोनमध्ये सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने, तो ८००० किंवा १६०००. सॅम्पल रेटच्या निम्म्याहून वरची कंपनं त्यात मावतच नाहीत, म्हणून ‘स’ आणि ‘श’सुद्धा पुसट होतात. सॉफ्टवेअरमध्ये निवेदन रेकॉर्ड करायची सोय असते, आणि त्यासाठी त्यानं हेडफोनचा माइक उघडून ठेवला होता. ऑडिओ सेटिंगमध्ये इनपुट ‘काही नाही’ केलं. क्षणात आवाज मोकळा झाला.

ब्लूटूथचा आवाज थोडा उशिरा पोचतो, म्हणून ओठ आणि शब्द जुळतात का हे त्यावर ठरवू नये. हे कळल्यावर मी वायरचे हेडफोन बाहेर काढले आणि ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे कॉम्प्युटरला बाहेरून जोडायच्या आवाजाच्या यंत्राला, जोडले. नवी अडचण इथेच सुरू झाली.

आत्याचा आवाज भारदस्त आहे, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. तो एकदम बारीक झाला. घाईचा, जणू वीस वर्षांनी लहान बाई बोलतेय. ओठ मात्र शब्दांशी अगदी जुळत होते, म्हणून वेगाचा संशय आला नाही. कुठला इफेक्ट चुकून लागलाय का, तेच शोधत बसले. मी हा आवाज लहानपणापासून ऐकतेय. ओळखीचा नसता तर बहुधा तसाच पुढे गेला असता.

शेवटी फोनमधलं स्टॉपवॉच लावलं. टाइमलाइनवरचं एक मिनिट स्टॉपवॉचवर ५५ सेकंदांतच संपलं. ५५ भागिले ६० म्हणजे ०.९१७. आणि नेहमीचे दोन सॅम्पल रेट घेतले, तर ४४१०० भागिले ४८००० म्हणजे ०.९१९. उत्तर समोर होतं.

मी टाइमलाइनवर पहिली फाइल रेकॉर्डरची टाकली होती. तिचा सॅम्पल रेट ४४१००, आणि प्रोजेक्टनंही तोच घेतला. इंटरफेस मात्र ४८०००वर होता. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा छोटा प्रोग्रॅम, सिस्टिमला बाजूला ठेवून एडिटिंग सॉफ्टवेअरशी थेट बोलतो, त्यामुळे मध्ये रूपांतर करणारं कुणी उरलं नाही. एका सेकंदासाठी ठरलेले ४४१०० नमुने इंटरफेस ४८०००च्या वेगानं संपवत होता. त्यामुळे वेग सुमारे ९ टक्क्यांनी जास्त आणि सूर, हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या मोजल्या तर, साधारण दीड पट्टी वर. ओठ जुळत होते कारण सॉफ्टवेअर चित्रही आवाजाच्या घड्याळावर चालवत होतं, म्हणून दोन्ही सारखेच धावत होते.

हे ४४१०० आलं कुठून, ते वाचताना मला फार आवडलं. सुरुवातीच्या काळात डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. प्रत्येक रेषेत ३ नमुने, वापरण्याजोग्या २९४ रेषा, सेकंदाला ५० फील्ड (म्हणजे अर्ध्या फ्रेम): गुणाकार ४४१००. दुसऱ्या पद्धतीत २४५ रेषा आणि ६० फील्ड, तरी गुणाकार तोच. सीडीनं तो आकडा उचलला. व्हिडिओचं जग मात्र ४८०००वर स्थिरावलं, आणि त्याला २४, २५, ३० या तिन्ही फ्रेम रेटनी पूर्ण भाग जातो: एका फ्रेमला २०००, १९२० किंवा १६०० नमुने. मी प्रोजेक्ट आणि इंटरफेस दोन्ही ४८०००वर आणले, रेकॉर्डरची फाइल आहे तशी ठेवली. तिचं रूपांतर सॉफ्टवेअर स्वतः नीट करतं. आत्या पुन्हा आत्यासारखी बोलू लागली.

मधूनच तडतड यायची. ऑडिओ बफर, म्हणजे वाजवण्याआधी तयार ठेवायचा आवाजाचा साठा, २५६वरून १०२४ नमुन्यांवर नेला, म्हणजे प्रोसेसरला सुमारे ५ मिलिसेकंदांऐवजी २१ मिळाले, आणि ती थांबली. तडतड फाइलमध्येच आहे की फक्त वाजवताना होतेय, हे कळायला अर्ध्या मिनिटाचा तुकडा एक्स्पोर्ट करून दुसऱ्या प्लेअरमध्ये ऐकावा.

सगळ्यात जास्त वेळ घेतला तो चित्र आणि आवाज एकमेकांपासून सरकण्यानं. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला खुणेसाठी वाजवलेल्या टाळीवर मोबाइल आणि रेकॉर्डरचे दोन्ही आवाज जुळवले होते. दहाव्या मिनिटाला ठीक, चाळिसाव्या मिनिटाला शब्द ओठांच्या बराच आधी. मी रेकॉर्डरचा ट्रॅक सरकवला तर तिथे जुळायचं आणि आधीचं बिघडायचं. एक अख्खी संध्याकाळ मी तुकडे करून सरकवत होते. मग रेकॉर्डरचा ट्रॅक म्यूट केला आणि मोबाइलचं चित्र मोबाइलच्याच आवाजावर पाहिलं. तेही सरकलं होतं! एकाच फाइलमधलं चित्र आणि आवाज एकमेकांपासून लांब जातायत, म्हणजे रेकॉर्डरचा दोष नव्हताच. तीच फाइल व्हीएलसी या साध्या प्लेअरमध्ये शेवटपर्यंत अचूक चालली.

फाइलची तांत्रिक माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोमध्ये ती उघडली. फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’, म्हणजे बदलता. मोबाइल उजेड कमी झाला की किंवा त्याच्यावर ताण आला की सेकंदाला कमी फ्रेम घेतो आणि प्रत्येक फ्रेमची वेळ सोबत लिहून ठेवतो. प्लेअर ती वेळ पाळतो. माझं सॉफ्टवेअर मात्र सगळ्या फ्रेम सारख्या अंतरानं मांडत होतं, त्यामुळे कमी फ्रेमचा भाग आला की चित्र पुढे-मागे होई आणि आवाज आपल्या जागी राही. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’, म्हणजे न बदलणारा, निवडून, ३०वर, चांगल्या दर्जाची नवी फाइल बनवली, टाइमलाइनवरची जुनी बदलून ती ठेवली. मोबाइलचं चित्र आणि आवाज शेवटपर्यंत जुळले. हे काम एडिटिंग सुरू करायच्या आधीच करावं. मला आधीचे सगळे कट पुन्हा द्यावे लागले.

तरी रेकॉर्डर आणि मोबाइल यांच्यात शेवटाला ४ फ्रेमचा फरक उरला. तो बिघाड नाही. दोन यंत्रांची क्वार्ट्झची घड्याळं तंतोतंत सारखी चालत नाहीत. ६२ मिनिटांत ४ फ्रेम म्हणजे दहा लाखांत ३६ एवढाच फरक. आत्या बोलताना जिथे थांबली होती, अशा चार शांत जागी ट्रॅक कापून एकेक फ्रेम सरकवली. शेवटाला टाळी घेतलेली नव्हती, म्हणून तिनं टेबलावर कप ठेवल्याचा आवाज खूण म्हणून धरला.

पुढच्या महिन्यात तिच्या मैत्रिणीशी बोलायचं ठरलं. रेकॉर्डर हातात घेतल्यावर आधी सॅम्पल रेट ४८००० केला, मोबाइलच्या ॲपमध्ये फ्रेम रेट ३०वर बांधून ठेवला, खोलीत एक दिवा जास्त लावला. टाळी दोनदा वाजवली, सुरुवातीला एकदा आणि उठायच्या आधी एकदा.