अजून तेच प्रथिन?

मुंजीत, वास्तुशांतीत, सोसायटीच्या गणपतीत हा प्रश्न ठरलेला. पाठोपाठ दुसरा: "पण त्याचा उपयोग काय?" पाषाणच्या लॅबमध्ये मी काय करते ते आजवर हसून टाळलं. तुम्ही विचारलंतच म्हणून सांगते.

आतड्याच्या अस्तराखालच्या पेशी आयजीए नावाची अँटीबॉडी बनवतात, मोठ्या माणसात दिवसाला ३ ते ५ ग्रॅम. जंतू मात्र अस्तराच्या पलीकडे. पीआयजीआर हे माझं 'तेच' प्रथिन. हा रिसेप्टर, म्हणजे अस्तराच्या पेशीवरचा पकडणारा हात, खालच्या बाजूला आयजीएची जोडी धरतो, पेशीतून आरपार नेतो आणि पलीकडे पोचल्यावर कापला जातो. सुरुवातीला मी त्याला हमाल म्हणायचे. अगं बाई, हमाल ओझं टाकून परत फिरतो! हा एकच खेप करतो आणि स्वतःचा मोठा तुकडा आयजीएला चिकटवून ठेवतो. त्या तुकड्यामुळे पाचकरसात आयजीए टिकतं.

वहिनी बाळंत झाली तेव्हा आत्याने तिचा चीक वाटीत पिळून घेतला. घट्ट, पिवळसर, जेमतेम दोन चमचे. "पहिलं दूध जड जातं," म्हणत ती बेसिनकडे वळली. मी म्हटलं, आत्या, ओतू नकोस. स्तनातही हाच रिसेप्टर आयजीए दुधात सोडतो, आईच्या आतड्याने ओळखलेल्या जंतूंवरचं, आणि चिकात ते सगळ्यात जास्त असतं. बाळाच्या आतड्यात स्वतःचं अजून काहीच नाही गं. तिने वाटी ओतली, विसळली, पालथी घातली. "तुझं एक तरी बाळंतपण झालंय का?" दादा मोबाइल बघत राहिला. वहिनीच्या आईने दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातली. मी काही बोलले नाही. निघताना उशाशी ठेवलेली मधाची बाटली तेवढी पर्समध्ये टाकली.

भाचा आता शाळेत जातो, ठणठणीत आहे. आत्याच्या मते विषय संपला. तीच आत्या गाईचा चीक मिळाला की 'शक्ती येते' म्हणून मला खरवस पाठवते! त्यात मुख्यतः आयजीजी ही वेगळी अँटीबॉडी, आणि वाफवल्यावर तेही कामाचं राहत नाही.

एका पोरावरून काही सिद्ध होत नाही, हे मी तिला ऐकवते. पण खरं सांगू? काही माणसांत जन्मतः आयजीए जवळजवळ नसतंच, आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. याच रिसेप्टरवरून आयजीएम हे आणखी एका जातीचं अँटीबॉडीही पलीकडे जातं, ते थोडंफार सांभाळून घेत असावं. मग उपयोग काय, हे मीही छातीठोकपणे सांगत नाही. शरीर रोज इतके ग्रॅम उगाच खर्च करणार नाही, एवढ्यावर अडून बसलेय. आत्या याला हट्ट म्हणते.