ब्लायबराच्या चर्चचे दार

इंग्लंडच्या पूर्वेकडील सफोक परगण्यात राहायला आल्यापासून जूनच्या उत्तरार्धातील उजेडाची सवय मला अजून झालेली नाही. आपल्याकडे आषाढाच्या तोंडावर भरून आलेल्या आभाळामुळे दिवसाही दिवे लावावे लागतात, तेव्हा येथे रात्री नऊ वाजता अंगणात बसून वर्तमानपत्र वाचता येते. २४ जून हा सेंट जॉनचा दिवस आणि आदली रात्र म्हणजे 'मिडसमर ईव्ह'. कॉर्नवॉलमध्ये त्या रात्री टेकड्यांवर आजही होळ्या पेटवतात. त्या रात्री चर्चच्या देवडीत जागत बसणाऱ्याला वर्षभरात मरणाऱ्या गावकऱ्यांच्या आकृती दिसतात, अशीही एक जुनी समजूत होती. यंदा २३ जूनला मी ब्लायबराच्या चर्चमध्ये गेलो खरा, पण दुपारी चार वाजता, लख्ख उन्हात.

पाणथळ जमिनीच्या काठावरील या चर्चच्या उत्तरेकडील दारावर काही जळके, उभट डाग आहेत. ४ ऑगस्ट १५७७ रोजी, भर प्रार्थनेच्या वेळी, गडगडाटी वादळात एक काळा कुत्रा आत शिरला, त्याने माणसे मारली आणि जाताना दारावर आपले पंजे उमटवले, अशी कथा आहे. त्याच दिवशी तो जवळच्या बंगी गावच्या चर्चमध्येही शिरला म्हणतात. अब्राहम फ्लेमिंग या लंडनच्या लेखकाने त्याच वर्षी पुस्तिका छापून ही वार्ता गाजवली. बंगीच्या चर्चच्या जुन्या नोंदींत मात्र वादळ आहे, मृत्यू आहेत, कुत्रा नाही. वीजच पडली असणार, हे उघड आहे. तरीही बंगीच्या बाजारातील वातकुक्कुटाच्या जागी आज विजेवर स्वार झालेला कुत्राच आहे. त्याचे नाव 'ब्लॅक शक'. 'शक' हा शब्द सैतान या अर्थाच्या एका जुन्या इंग्रजी शब्दावरून आला, असे मानतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री पाहत वाढलेल्या मला हे वैर जरा अनोळखीच वाटते.

शेजारच्या नॉरफोकमधील क्रोमर येथे १९०१ साली आर्थर कॉनन डॉयल सुट्टीसाठी उतरले असताना फ्लेचर रॉबिन्सन या मित्राने त्यांना भुताटकीच्या कुत्र्याची दंतकथा सांगितली आणि त्याच ऑगस्टपासून 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही शेरलॉक होम्सची कादंबरी मासिकातून क्रमशः येऊ लागली. त्यांनी कुत्रा डार्टमूरच्या माळावर नेला आणि शेवटी त्याला फॉस्फरस फासलेला खराखुरा प्राणी ठरवले. मला मात्र तो उलगडा होईपर्यंतची पानेच अधिक आवडतात.

दाराच्या एका डागावर मी बोट टेकवले. लाकूड तेथे खोलगट आणि गुळगुळीत लागले. इंग्लंडमधील कितीतरी जुन्या घरांच्या तुळयांवर असेच डाग सापडतात आणि आग व वीज दूर राहावी म्हणून ते मेणबत्तीच्या ज्योतीने मुद्दाम पाडले असावेत, असे अभ्यासकांचे मत आहे. येथील डागही तसेच असतील, तर ज्यांना सैतानाचे पंजे म्हणतात ते त्याला बाहेर ठेवण्यासाठीच कोणीतरी, ज्योत बराच वेळ न हलवता धरून, उमटवले असणार.