माशा निवडणं

“शनिवारी काय करतोस रे तिकडे?” आई पुण्याहून फोनवर विचारते. “माशा निवडतो,” हे खरं उत्तर मला देववत नाही. तिच्या लेखी तांदूळ निवडतात आणि माशा मारतात.

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे ट्राउटसाठी आम्ही गळाला गांडूळ लावत नाही. पिसं आणि केस दोऱ्याने गुंडाळून केलेली खोटी माशी लावतो. तरंगते ती ड्राय फ्लाय, पाण्याखाली जाते ती निम्फ. ट्राउटचं बरंचसं जेवण पाण्याखालीच उरकतं, तेव्हा शहाण्याने निम्फ घ्यावी. पण मासा वर येऊन माशी टिपतो तो क्षण एकदा पाहिला, की शहाणपण काठावरच राहतं.

दुकानात या माशा मिसळणाच्या डब्यासारख्या कप्प्याकप्प्यांत मांडलेल्या असतात. नंबरांचा हिशेब उलटा, आकडा वाढेल तशी माशी लहान. २० नंबरच्या गळाच्या नेढ्यात दोरा ओवताना आपल्या चष्म्याचाही नंबर कळतो.

सुरुवातीला माझा खाक्या अक्षरशः ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ असा होता. नदीतले दगड उलटायचे, किडे बघायचे आणि हुबेहूब तशीच माशी हुडकायची. मासे ढुंकूनही बघत नसत. मग कोणीतरी अ‍ॅडम्स घ्यायला सांगितलं. ही इथलीच, १९२२ साली लेन हॅलाडे यांनी बांधलेली. करड्या लोकरीचं अंग, तपकिरी आणि चट्टेरी कोंबड्याची पिसं. ती नेमक्या कुठल्या किड्याची नक्कल आहे म्हणाल, तर कुठल्याच नाही. तरी माशाला ती ओळखीची वाटते. (आपल्याकडे लग्नात सगळ्यांनाच ओळखीचे वाटणारे एक काका असतात, तशी.)

अ‍ॅडम्स दोन-तीन डॉलरला मिळते. मी दोन घेतो, एक माशासाठी आणि एक मागच्या झाडासाठी. गळ मागे फेकताना फांदीत अडकला, की जीव किती हळहळतो त्यावर माशीची खरी किंमत ठरते.

म्हणूनच माझ्याकडची सगळ्यात देखणी माशी आजवर भिजलेली नाही. सॅमनसाठी जुन्या ब्रिटिश धाटणीने बांधलेली, निळ्या-पिवळ्या पिसांची. अशा पिसांपायी माणसं काय करतील सांगता येत नाही. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुणाने पेंढा भरून जपलेले २९९ पक्षी पळवले, ते या छंदातल्या पिसांसाठीच. माझी माशी मात्र कपाटात असते, डांबरगोळीसोबत. पिसांना कसर लागते ना! किड्यासारख्या दिसणाऱ्या वस्तूला खऱ्या किड्यापासून जपायचं.

टोपीला मात्र एक जुनी अ‍ॅडम्स टोचलेली आहे. चार-पाच ट्राउटनी चावून तिचं एक पंख गेलंय, दोरा सुटलाय. गेल्या रविवारी नव्या कोऱ्या दोन्ही झाडाला वाहिल्या, तेव्हा तिलाच पुन्हा दोऱ्याला बांधली. संध्याकाळी आईचा फोन आला.

“काही मिळालं का?”

“एक. सोडून दिला.”

“मग दिवसभर माशाच मारल्यास म्हण की!”