हेलियम-कॅडमियम ट्यूब, नोंद तिसरी : निळी रेघ दिसली

होलोग्रामसाठी मी घरी निळा लेझर बनवतोय, हेलियम वायू आणि कॅडमियमच्या वाफेवर चालणारा. मागच्या दोन नोंदींपर्यंत त्याची ट्यूब नुसतीच गुलाबी पेटत होती. मी सगळा दोष आरशांना देऊन ते पुन्हापुन्हा जुळवत बसलो. या रविवारी ४४१.६ नॅनोमीटरची निळी रेघ भिंतीवर पडली, आणि आरशांना हातही लावला नव्हता. कॅडमियम पुरेसं तापतच नव्हतं!

ट्यूबच्या टोकांच्या खिडक्यांवर धातूचा थर बसेल या भीतीने मी हीटर २०० अंशांवर अडवून ठेवला होता. आता दहा-दहा अंशांनी वाढवत गेलो, दर वेळी पंधरा मिनिटं थांबून. नजर तापमानापेक्षा ट्यूबच्या व्होल्टेजवर ठेवा. हेलियमपेक्षा कॅडमियमचं आयनीकरण (अणूतून इलेक्ट्रॉन सुटणं) फार सोपं, त्यामुळे वाफ डिस्चार्जमध्ये, म्हणजे वायूतून वाहणाऱ्या विजेत, शिरली की व्होल्टेज उतरतं आणि गुलाबी रंग निळसर होतो. २५० च्या आसपास लेझर सुरू झाला. हावरेपणाने आणखी पंधरा अंश चढवले, तर तेज उलट पडलं. वाफ जास्त झाली की इलेक्ट्रॉनांची ऊर्जा घटते, मग कॅडमियमला ऊर्जा देणारे हेलियमचे अणू पुरेसे उत्तेजित होत नाहीत.

बंद करताना हीटर आधी, डिस्चार्ज नंतर. डिस्चार्ज चालू असेपर्यंत कॅडमियमची आयनं कॅथोडकडे सरकतात, त्यामुळे उरलेली वाफ तिकडेच जाऊन गोठते. ट्यूब फोडायची नाही, कॅडमियम विषारी आहे. आणि पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमधला विजेचा साठा रिकामा केल्याशिवाय आत हात नाही.

'तांब्याचा का नाही केलास?' असं दोघांनी विचारलं. तांब्याच्या वाफेच्या लेझरची ५१०.६ची हिरवी आणि ५७८.२ची पिवळी मलाही फार आवडते. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात असे लेझर बनले आहेत. पण त्याला सुमारे १५०० अंश लागतात, आणि प्रकाश सोडल्यावर अणू ज्या खालच्या ऊर्जापातळीवर येतात ती लवकर रिकामी होत नसल्याने प्रकाशाचा प्रत्येक स्पंद काही दशक नॅनोसेकंदांतच संपतो. सेकंदाला हजारो स्पंद मारणारा सप्लाय घरी करणं माझ्या आवाक्यात नाही. शुद्ध तांब्याऐवजी कॉपर ब्रोमाइड वापरलं तर ५०० अंशांच्या आसपास भागतं, पण स्पंद काही टळत नाहीत.

मला हवा आहे अखंड निळा प्रकाश, कारण मी ज्या थरावर होलोग्राम नोंदवणार त्या डायक्रोमेटेड जिलेटिनला लाल दिसतच नाही. नैसर्गिक कॅडमियममध्ये आठ समस्थानिकं असल्याने रेघ रुंद आणि सुसंगती (ज्या अंतरापर्यंत प्रकाशलहरींचा मेळ टिकतो ते) जेमतेम दहा सेंटिमीटर. म्हणून पहिल्या होलोग्रामसाठी एक नाणं निवडलंय, प्लेटला अगदी चिकटून ठेवायला. जिलेटिन काल रात्री ओतलं, अजून वाळतंय.