पेपर पॉज करून वाचताना

सिरीयलमध्ये कोणी पेपर उघडला की माझं लक्ष त्या माणसाच्या चेहऱ्यावर राहतच नाही, आधी मथळा, मग तारीख, मग किंमत. रिमोट माझ्या हातात असला की आई म्हणते, "परत थांबवलंस का रे, बघू दे की आम्हाला," पण एकदा सवय लागली की सुटत नाही.

हॉलिवूडमध्ये खरा पेपर दाखवायचा तर परवानग्या काढाव्या लागतात, म्हणून प्रॉपसाठी, म्हणजे सीनमध्ये नुसतं दाखवायला, वेगळे पेपर छापून घेतात. अर्ल हेज प्रेस नावाचा छापखाना हेच काम करतो. त्यांचा एक पेपर, काळ्या केसांच्या मुलीचा फोटो असलेला, ‘मॅरिड विथ चिल्ड्रन’मध्येही दिसतो आणि ‘मॉडर्न फॅमिली’मध्येही. एकदा डोक्यात बसला की कुठेही ओळखू येतो.

पण मला खरी ओढ आपल्या मराठी पेपरांची आहे, कारण आपल्याकडे पेपर नकली आहे हे नुसत्या अनुस्वारावरून कळतं. आत्ता आपण जे शुद्धलेखन लिहितो ते १९६२च्या नियमांचं, त्याआधी न उच्चारलेले अनुस्वारही छापायचे, म्हणजे "मुंबईंत", "पुण्यांत", "भाषण झालें". परवा एका सिरीयलमध्ये बेचाळीसचं आंदोलन चाललंय आणि आजोबांच्या हातातल्या पेपरात ठळक मथळा "मुंबईत मोर्चा", एकही जादा टिंब नाही, शिवाय ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे, आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ नाहीच, म्हणजे कॉम्प्युटरवर समोर आला तो फॉन्ट लावून मोकळे. त्या काळी खिळे जुळवून छापायचे, अक्षर कुठे जाड कुठे पुसट यायचं, आणि फोटो जवळून बघितला की ठिपके दिसायचे. इथे फोटो गुळगुळीत.

किंमतही बघा. दशमान नाणी १९५७ला आली, त्याआधीच्या पेपरवर किंमत जुन्या आणे-पैच्या हिशेबात हवी. आणि जाहिरातीतल्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर तो पेपर १९७२च्या आधीचा असूच शकत नाही, कारण पिनकोडच तेव्हा सुरू झाला. हे सगळं शोधायला काही खर्च नाही, ठाण्यात १८९३पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथली जुनी पुस्तकं उघडून बसलं की तासाभरात डोळा तयार होतो. ही सिरीयलवाली मंडळी ठाण्यातच घोडबंदर रोडला शूटिंग करतात, तिथून ग्रंथसंग्रहालयापर्यंत कोणी एक माणूस पाठवायला काय हरकत आहे, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकं ओळखणं त्यामानाने अवघड, कण्याचा रंग, जाडी, नावातली दोन-तीन अक्षरं एवढंच हाती येतं. मी स्क्रीनशॉट काढून ब्राइटनेस वाढवतो, आरशातलं दृश्य असेल तर उलटं करतो, मग जुन्या कव्हरांशी ताडून बघतो. साठच्या दशकातल्या दिवाणखान्यातल्या पुस्तकावर बारकोड दिसला की मग ताडायचीही गरज नाही. ‘मॅट्रिक्स’मध्ये नायक ज्या पोकळ पुस्तकात डिस्क लपवतो ते फ्रेंच विचारवंत बोद्रिआरचं ‘सिम्युलाक्रा अँड सिम्युलेशन’, आणि ते उघडतं ‘ऑन निहिलिझम’ या प्रकरणावर, जे खऱ्या पुस्तकात शेवटी आहे पण सिनेमात मधोमध दिसतं. एवढं मुद्दाम कोणीतरी बनवलंय, हे कळलं तेव्हा मी तो सीन परत लावला.

मराठीतही असं काम होतं. मागे एका सिनेमात चहाच्या टपरीवर अर्धा घडी केलेला पेपर होता, कॅमेरा त्याच्यावर जेमतेम क्षणभर, थांबवून वाचलं तर "शहरांत", "झालें", कोपऱ्यात किंमत आण्यात, आणि शाई घडीवर फिकट झालेली. आर्ट डिपार्टमेंटमधल्या ज्याने कोणी ते केलं त्याला एकदा भेटून विचारायचंय की जुना अंक कुठून मिळवला.